सत्कारात गेलेला दुसरा भाग

तिसऱ्या कपाटाच्या दुसऱ्या फळीवर एक मोकळी जागा होती. रुंदी साधारण चार बोटं. तिथलं लाकूड आजूबाजूच्या लाकडापेक्षा एका छटेने फिकं होतं, आणि धुळीचा थर त्या जागेच्या कडेपर्यंत येऊन सरळ रेषेत थांबला होता. आत धूळ नव्हती. म्हणजे पुस्तक जाऊन फार दिवस झालेले नव्हते. जागेच्या डाव्या बाजूला एका जुन्या कादंबरीचा पहिला भाग उभा होता. शेजारचा आधार गेल्यामुळे तो किंचित उजवीकडे कलला होता.

ग्रंथपाल शीला ओव्हाळ हिने त्या जागेत हात घालून पाहिला. उल्हासनगरच्या कॉलेजातून तिने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं, त्यामुळे एखादी वस्तू दिसत नाही म्हणून ती नाहीच असं लगेच मानायची तिला सवय नव्हती. दुसरा भाग मात्र खरोखरच नव्हता.

संस्था मोठी होते ती तिच्या दातृत्वाने, हे सर्वमान्य आहे. या कसोटीवर अंबरनाथचं श्रमसाफल्य सार्वजनिक वाचनालय तालुक्यातल्या कोणत्याही संस्थेला मागे टाकेल. २००२ सालापासून त्याने आपल्या कपाटांतला बराच मोठा ऐवज समाजाला देऊन टाकला होता, आणि समाजाने तो उघडूनही न पाहता स्वीकारला होता. याहून मोठा विश्वास तो कोणता?

वाचनालयाची सुरुवात अगदीच साधी. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांनी पाळी सुटल्यावर वाचायला काहीतरी हवं म्हणून रेशन दुकानामागच्या एका खोलीत ते काढलं. प्रत्येकाने घरातलं एकेक पुस्तक आणून दिलं. (काळ मागासलेला होता. लोक पुस्तकं वाचून झाल्यावर देत असत.) पुढे मोरिवलीचे नाथाशेठ यांची भातशेती वसाहतीच्या विस्तारात गेली आणि त्यांच्या मनात समाजकार्य आलं. त्यांनी नाक्याजवळ वाचनालयाला एकमजली इमारत बांधून दिली आणि ते अध्यक्ष झाले. या इमारतीत व्यासपीठाचं क्षेत्रफळ ग्रंथदालनाच्या दुप्पट आहे. काही लोक त्यावर टीका करतात, पण त्यात तथ्य नाही. पुस्तकं उभी राहतात, मान्यवरांना बसावं लागतं.

इमारत झाल्यावर कार्यक्रम आले. कार्यक्रम आले की सत्कार आले. सुरुवातीला शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ असा शास्त्रोक्त सत्कार होई. मग सगळीकडेच 'पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक' हा विचार रुजू लागला. फुलं संध्याकाळपर्यंत कोमेजतात, ग्रंथ चिरंजीव असतात, असा ठराव वाचनालयाने एकमताने केला. प्रश्न एवढाच उरला की पुस्तकं आणायची कुठून. विकत घ्यायची तर तीन दुकानांची दरपत्रकं मागवा, तुलनात्मक तक्ता करा, मंजुरी घ्या. तेव्हा कार्यवाह रामभाऊंनी सगळ्यांच्या मनातली गोष्ट बोलून दाखवली.

"घरात विहीर असताना टँकर कशाला मागवायचा?" असं म्हणून त्यांनी कपाटांकडे हात केला.

रामभाऊ एका सरकारी कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले होते. स्टोअरमध्ये त्यांनी आयुष्यभर बोल्ट दिले. बोल्ट देताना तो कशाचा आहे हे विचारायचं नसतं, जाडी किती हे विचारायचं असतं. त्याच शिस्तीने त्यांनी ग्रंथभेटीचं प्रमाण ठरवून दिलं. माजी नगरसेवकाला दोन बोटं जाडीचं पुस्तक, आजी नगरसेवकाला तीन बोटं. देणगीदाराला देणगीच्या मानाने, पण चार बोटांच्या वर नाही. मुख्याध्यापकांना दीड. कवी आले तर कवितासंग्रह (त्यांच्यासाठी बोटाची गरज पडत नाही). पुस्तकं जुनी असल्याने मुखपृष्ठ दिसणं गैरसोयीचं होतं, म्हणून चकचकीत कागदाचं वेष्टन सक्तीचं झालं.

दोन भागांच्या त्या कादंबरीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जाड होता. नायिका वेणूच्या हालअपेष्टा दुसऱ्या भागात वाढत असाव्यात. शीला धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी रजेवर असताना उल्हासनगरचे एक फर्निचरवाले शेठ सभागृहाला खुर्च्या देऊन गेले. चार बोटांचं पुस्तक लागलं. रामभाऊंनी फळीवर बोटं लावली आणि दुसरा भाग काढून दिला.

"पण रामभाऊ, तो दुसरा भाग आहे," शीला परतल्यावर म्हणाली. "पहिला वाचल्याशिवाय त्यांना त्याचा काय उपयोग?"

"उपयोग?" रामभाऊंना वाईट वाटलं. "अहो बाई, सत्कार होता तो. उपयोगाची वस्तू द्यायची तर स्टीलचा डबा नसता का दिला?"

उत्तर सुचलं नाही की ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत असे. त्या दिवशी तिने पुष्कळ गुंडाळलं, कारण दाराशी चांगुणाबाई येऊन उभ्या होत्या.

चांगुणाबाईंनी काडेपेटीच्या कारखान्यात सगळी नोकरी काड्या भरण्यात काढली. अक्षरओळख झाली ती पोरं मोठी झाल्यावर, वस्तीतल्या विहारात चालणाऱ्या रात्रीच्या वर्गात. नवरा शिवराम असेपर्यंत तो पेपर मोठ्याने वाचायचा आणि या ऐकायच्या. तो गेल्यावर त्यांनी वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, सावकाश वाचायच्या. कादंबरीच्या पहिल्या भागाला त्यांनी अख्खा हिवाळा दिला होता.

"शीला, दुसरा दे गं."

"नाहीये मावशी. बाहेर गेलाय."

"बाहीर म्हंजी? हितं वेणू बिचारी नदीच्या काठावर हुबी हाय. लेकरू पल्याड. शेवटची नाव सुटली. आन तू म्हनती न्हाई? पल्याड गेली का न्हाई ती?"

"सत्कारात गेलाय तो भाग."

"अगं बया! कोन वारलं?"

शीलाने समजावून सांगितलं. चांगुणाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पदराने पुसला.

"माज्याकडं लई येळ न्हाई बग. डॉक्टर म्हनला काचबिंदू हाय. मधनं दिसतंय, पन कडंकडंनं अंधार येतोय, बोगद्यात शिरल्यावानी. दिसतंय तवर वाचू दे मला."

इथे कुणी म्हणेल, दुसरी प्रत का आणली नाही? शीलाने ते सगळं करून पाहिलं होतं. प्रकाशकाने धंदा बंद करून त्या जागी झेरॉक्सचं दुकान काढलं होतं. जुन्या पुस्तकांच्या ढिगांत शोधलं, तिथे पहिले भाग पुष्कळ मिळाले. (कादंबऱ्यांचे पहिले भाग रद्दीत जातात आणि दुसरे सत्कारात, असा एक ढोबळ नियम मांडता येईल.) आता या अख्ख्या पंचक्रोशीत वेणू नदीपलीकडे गेली की नाही हे सांगणारी एकच प्रत होती, आणि ती एका शेठच्या शोकेसमध्ये कागदात गुंडाळलेली होती.

शीलाने कार्यकारिणीपुढे विषय ठेवला. विषय क्रमांक सात: 'सत्कारात दिलेले पुस्तक परत मागता येईल काय?' चर्चा उच्च दर्जाची झाली. एका सदस्याचं म्हणणं, पुस्तक परत मागणं म्हणजे सत्कार मागे घेणं, आणि सत्कार मागे घेतला तर त्या माणसाने केलेलं कार्यही मागे गेलं असं होईल. मग खुर्च्या परत कराव्या लागतील. दुसऱ्याने विचारलं, पुस्तकच का, मग शाल का नको? तिसऱ्याने शाल कुठल्या दुकानातून घेतली होती ते विचारलं. तेवढ्यात चहा आला. विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला. शीलाला प्रयोगशाळेतल्या अपरिवर्तनीय क्रिया आठवल्या. मॅग्नेशियमची फीत एकदा जळली की राखेची पुन्हा फीत होत नाही. सत्काराचंही तसंच असावं.

ठराव होत नाही तोवर निदान पत्ता तरी काढावा, म्हणून एका रविवारी ती उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटात गेली. शेठ पॉलिश केलेल्या सोफ्यावर प्लॅस्टिक न काढता बसले होते.

"साईं, वाचनालयातून आले. तुम्हाला आम्ही पुस्तक दिलं होतं..."

"हां हां, वो पार्सल! बहुत अच्छा होता, बेटी. कागज एकदम भारी. आमच्या असोसिएशनचा प्रोग्राम झाला ना, तर बदलापूरचा एक जवान लीडर आला होता, त्याला दिला."

"उघडून पाहिलं होतं का तुम्ही?"

शेठ मायेने म्हणाले, "बेटी, गिफ्ट खोलेगा तो फिर देगा कैसे? हां, तुमचा कागज थोडा कोपऱ्यात फाटला होता, म्हणून वरून आपला सोनेरी चढवला. इज्जत का सवाल है."

बदलापूरच्या त्या तरुण पुढाऱ्याचं, सुजितचं, संपर्क कार्यालय स्टेशनपासून जवळ होतं आणि त्याच्या स्वतःच्या फ्लेक्समागे असल्याने शोधायला सोपं होतं. त्याने शीलाला खुर्ची दिली, थंडा मागवला, आणि फोनवर बोलता बोलता तिच्याशीही बोलला.

"मॅडम, बुक ना? मी तर रीडिंगचा फुल सपोर्टर आहे. पोरांना नेहमी बोलतो, यार कुछ पढो. ते बुक आपण जांभूळ गावात दिलं, बचत गटाच्या गोदूताईंना. महिला दिन होता. वरून आपला कागद लावला, पार्टीच्या कलरचा. सोनेरी बरोबर नाय दिसत ना इलेक्शनच्या टायमाला."

"सोनेरी काढलात?"

"काढायला टाइम कुठे होता मॅडम?"

जांभूळच्या गोदूबाई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी शीलाला सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर कपाळावर हात मारला.

"अगं बाय माजे! तो पुडका? तो तं नाथाशेठला दिला. शेठची एकसष्टी व्हती, बोलावना आला. रिकाम्या हातानी कशी जावाची? वरशी लाल कागद लावला, हिरवी फीत बांदली, न् दिला."

"आत काय आहे बघावंसं नाही वाटलं?"

"दुसऱ्याच्या मानाचा पुडका कंदी खोलाचा नसतं बाय," गोदूबाई म्हणाल्या. "आन तवा तो मना दिलेला व्हता, तरी मना तं तो दुसऱ्याचाच वाटला."

परतीच्या रिक्षात शीलाने या प्रवासाचा शास्त्रीय विचार केला. सत्काराचं पुस्तक निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. ते फक्त एका शोकेसमधून दुसऱ्या शोकेसमध्ये जातं, आणि दर वेळी त्याचं वस्तुमान कागदाच्या एका थराने वाढतं. झाडाच्या बुंध्यावरची वलयं मोजून जसं वय काढतात, तसं या पुडक्याचे थर मोजून त्याने किती थोर माणसं पाहिली ते सांगता आलं असतं. आत बसलेली वेणू तेवढी वाढत नव्हती. ती अजून काठावरच होती.

पुस्तक आता वाचनालयाच्या अध्यक्षांच्याच घरी होतं, ही बातमी आनंदाची ठरायला हवी होती. कार्यकारिणीच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला. परक्या शेठकडून परत मागणं अवघड होतं, पण अध्यक्षांकडून? रामभाऊंनी तोडगा काढला. नाथाशेठ सभेला हजर असतील तेव्हा विषय क्रमांक सात त्यांच्यासमोर घेणं औचित्याला धरून होणार नाही, म्हणून तो त्यांच्या अनुपस्थितीत घ्यावा. आणि घटनेनुसार अध्यक्षांच्या अनुपस्थितीत झालेली सभा ग्राह्य धरली जात नाही. या दोन्ही तरतुदींचं काटेकोर पालन होत राहिलं. विषय क्रमांक सात प्रत्येक सभेच्या पत्रिकेवर होता. शीला तो दर वेळी स्वतः टाइप करत असे, शेवटच्या प्रश्नचिन्हासकट.

ती एकटीच शेठकडे जाऊन मागू शकली असती, हे तिलाही कळत होतं. पण तिची नेमणूक वर्षावर्षाची होती आणि त्या कागदावर सही नाथाशेठची असे. घरात भाऊ सम्यक अजून नोकरीच्या शोधात होता. तो म्हणायचा, "ताई, तू कशाला पंगा घेतेस? एका म्हातारीच्या स्टोरीसाठी?" तरीही ती एकदा गेली. बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाट होतं आणि त्यात पुडकीच पुडकी, आंब्याच्या पेट्यांसारखी रचलेली. वरच्या कप्प्यात लाल कागद आणि हिरवी फीत तिला लांबूनही दिसली.

"काय काम काढलंस गं, मास्तरीण?" नाथाशेठनी विचारलं. ग्रंथपालाला ते मास्तरीणच म्हणत.

"काही नाही शेठ. सहज."

"सहज कोन येतं माझ्याकडं? बोल ना."

तिने चहा प्यायला, कप खाली ठेवला, चहा छान झाल्याचं सांगितलं आणि ती निघाली. या कथेत दोष कार्यकारिणीचाच होता असा कुणाचा समज होऊ नये म्हणून हे नोंदवायला हवं.

दरम्यान २००५ चा महापूर झाला. नाल्याचं पाणी ग्रंथदालनात शिरलं आणि खालच्या फळ्या भिजल्या. त्या फळ्यांवरची पुस्तकं सुदैवाने आधीच सत्कारांत गेलेली असल्याने हानी नगण्य झाली. ग्रंथसंपदा दूरदृष्टीने उंच जागी हलवली होती, असं अहवालात लिहिण्यात आलं. ते खोटं नव्हतं. शोकेस बहुधा पहिल्या मजल्यावर असतात.

चांगुणाबाई दर आठवड्याला येत राहिल्या. दुसरा भाग मागत आणि नाही म्हटल्यावर पहिल्या भागाचं शेवटचं पान काढून बसत. सुरुवातीला पूर्ण ओळ दिसायची. मग अर्धी. मग एक शब्द दिसायचा आणि पुढचा शब्द येईपर्यंत मागचा अंधारात जायचा. एका आठवड्यात त्यांनी पान उघडलं, थोडा वेळ बोट फिरवलं आणि पुस्तक मिटून शीलाच्या हातात दिलं.

"आता तूच वाचून दाव, पन दाव."

त्यानंतरही त्या येत, नातीचा हात धरून. बाकावर बसून दुसरा भाग स्वतःच रचत. कधी वेणू पोहून पल्याड जाई. कधी नावाडी परत फिरे. कधी पोरगंच मोठं होऊन नाव घेऊन येई. पेपर वाचायला आलेले निवृत्त लोक पेपर खाली ठेवून ऐकत.

"भारी झालं की मावशी," शीला एकदा म्हणाली. "हेच खरं समजा ना."

"न्हाई गं. हे माज्या मनाचं झालं. माज्या मनाचं मला आयुष्यभर ठाव हाय, त्याला काय करायचं? त्यानं काय लिवलंय ते पायजे मला."

शीलाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

२००७ साली वाचनालयाला 'आदर्श वाचनालय' म्हणून गौरवण्याचं ठरलं. निकष वस्तुनिष्ठ होते. एकही पान फाटलेलं नाही, एकाही पानावर पेनाच्या खुणा नाहीत, कोपरे दुमडलेले नाहीत. तसंच वाचनालयाचं पुस्तक वर्षाकाठी सरासरी तीन घरांत पोहोचतं, हे प्रमाण जिल्ह्यात सर्वाधिक. (ज्या वाचनालयांत पुस्तकं वाचली जातात त्यांची या सर्व बाबतींत अवस्था दयनीय आढळली.) प्रमाणपत्र द्यायला ठाण्याहून एक मोठे अधिकारी वर्धापनदिनाला येणार होते. साहजिकच त्यांचा सत्कार आला. अधिकाऱ्यांचा हुद्दा पाहता पाच बोटांखाली चालण्यासारखं नव्हतं, आणि कपाटांत आता पाच बोटांचं काही उरलेलं नव्हतं.

"त्यात काय," नाथाशेठ म्हणाले. "माझ्याकडं ढीग पडलाय. त्यातला न्या एक."

रामभाऊ स्वतः गेले. त्यांनी कपाटातल्या एकेका पुडक्याला बोटं लावली आणि सर्वांत जाड ते निवडलं. मूळ चार बोटांचं पुस्तक आणि त्यावर इतक्या थोर माणसांचे थर, त्याच्याहून जाड दुसरं काही असणं शक्यच नव्हतं.

वर्धापनदिनी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत ज्येष्ठ सभासद म्हणून चांगुणाबाईंना बसवलं होतं. त्यांना व्यासपीठ दिसत नव्हतं, पण कुठल्या बाजूला आहे ते आवाजावरून कळत होतं. स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकाबद्दल आभार झाले. मग रामभाऊ माइकवर म्हणाले, "आता मान्यवरांचा ग्रंथभेट देऊन सत्कार होईल." शीला तबक घेऊन व्यासपीठावर चढली. तबकावरचा रुमाल बाजूला केला तेव्हा तिने पहिल्यांदा पाहिलं. लाल कागद, हिरवी फीत.

ती थांबली.

"दे ना गं," नाथाशेठ पुटपुटले. "फोटूवाला खोलंबलाय."

शीलाने तबक टेबलावर ठेवलं आणि हिरवी फीत ओढली. लाल कागद निघाला. आतून पक्षाच्या रंगाचा कागद आला. लोकांना हा सत्काराचाच नवा प्रकार वाटला आणि टाळ्या पडल्या. तिने तोही काढला. आतून सोनेरी निघाला. टाळ्या वाढल्या. सोनेरी काढल्यावर रामभाऊंचा मूळ चकचकीत कागद निघाला, कोपऱ्यात फाटलेला, आणि शिट्टीही वाजली. शेवटी आतून पुस्तक निघालं. टाळ्या एकदम थांबल्या. वेष्टन नसलेलं पुस्तक या व्यासपीठावर पूर्वी कधी आलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं काय करायचं असतं हे कुणालाच ठरवता येईना.

"वा, छान," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "द्या. घरी गेल्यावर बघतो निवांत."

"देऊन टाका बाई," रामभाऊ तिच्या कानाशी म्हणाले. "विषय क्रमांक सात अजून प्रलंबित आहे."

"कसला सात?" नाथाशेठनी विचारलं.

"काही नाही शेठ, नंतर सांगतो."

"पाच वर्षं हे माझ्यासमोर नंतर सांगतो, नंतर सांगतो," नाथाशेठ मोठ्याने म्हणाले. "काय पायजे ते कोन सांगल का मला?"

कुणीच सांगेना. सभागृहात सन्मान्य नागरिक होते, माजी आणि आजी सत्कारमूर्ती होते. प्रत्येकाच्या घरी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमातलं एक पुडकं होतं, कागद शाबूत असलेलं, पुढच्या लग्नाला किंवा वाढदिवसाला उपयोगी पडेल म्हणून जपलेलं. (आपल्याकडेही असेल. कुठे ठेवलंय ते आठवून पाहा. आत काय आहे ते आठवायची गरज नाही.) सगळे गंभीर होऊन आपापल्या पायांकडे पाहत होते.

पहिल्या रांगेतून आवाज आला.

"शीला, गप का झालं गं समदं? पुस्तक हाय का ते?"

शीलाने दुसरा भाग छातीशी धरला आणि रामभाऊंच्या हातातून माइक घेतला. ओढणी तशीच खांद्यावर होती. या सभागृहात निर्णय कोणत्या भाषेत घेतले जातात ते तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ती तेच टाइप करत आली होती. तिने त्याच भाषेत, सावकाश, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

"हा सत्कार परत घेण्यात येत आहे. चांगुणाबाई, पुस्तक आलंय, मी वाचते, तुम्ही ऐका. आणि ज्यांनी ज्यांनी मिळालेलं पुस्तक अजून कागदातून बाहेरही काढलेलं नाही, त्या सर्वांचे सत्कारही याच निर्णयाने परत घेण्यात येत आहेत. ते कोण, हे ज्याचं त्याला ठाऊक आहे."